हिवाळ्यातली पात: बियाण्याचं पाकीट, रोपाची पेंडी की गोल्टी?

दसरा झाला की मराठवाड्यात कांद्याची पात लावायचे दिवस सुरू होतात आणि महाशिवरात्रीच्या आसपास संपतात. या काळात पातीसाठी चार प्रकारचा माल विकत मिळतो: कृषी सेवा केंद्रातलं नेहमीच्या कांद्याचं बी, आठवडी बाजारात पेंडीने मिळणारं तयार रोप, आडतीवर किंवा भाजीवाल्याकडे मिळणारी गोल्टी म्हणजे बारका कांदा, आणि शहरातल्या नर्सरीत किंवा ऑनलाइन मिळणारं ‘स्प्रिंग ओनियन’ असं छापलेलं रंगीत पाकीट. पात चारींतून निघते. पण किती दिवसांत निघते, किती वेळा कापता येते आणि भाकरीसोबत खाताना कशी लागते, यात फार फरक आहे. हे परीक्षण परसबागेत किंवा अर्ध्या-एक गुंठ्यावर पात लावणाऱ्यांसाठी आहे.

निकाल आधीच सांगतो. घरच्या स्वयंपाकाला गोल्टी सगळ्यात चांगली. जुड्या बांधून विकायच्या असतील तर बी. कुणाचं उरलेलं रोप स्वस्तात मिळालं तर जरूर घ्यावं. रंगीत पाकीट घ्यायला एकच ठोस कारण आहे, ते पुढे येईल. आणि माल कोणताही असो, वाणाच्या नावाआधी त्याचा आकार आणि वय बघा. थंडीत पातीचं जे बिघडतं, त्यातलं बरंचसं माल घेतानाच ठरून गेलेलं असतं.

असं का, त्याचं उत्तर आपल्या हिवाळ्यात आहे. कांदा गड्डा धरतो तो दिवस लांबायला आणि ऊन तापायला लागलं की. लातूर-धाराशिवकडे डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. एवढ्या लहान दिवसात आणि गार हवेत झाड गड्ड्याची घाई करत नाही, पानावर पान काढत राहतं. पातीला हेच हवं असतं. फेब्रुवारीच्या मध्यावर दिवस साडेअकरा तासांच्या पुढे सरकतो, दुपार तापते, आणि तेच झाड बुडाशी फुगू लागतं. मग पात राठ होते, शेंडे वाळतात.

थंडीचा दुसरा परिणाम मात्र नुकसानीचा आहे. झाड ठरावीक जाडीचं झालेलं असताना त्याला काही आठवडे ८ ते १२ अंशांची थंडी मिळाली, तर ते फुलायची तयारी करतं आणि मधून पोकळ दांडा काढतं. हाच डेंगळा. परभणीत तर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक आकड्यावर येणं नेहमीचंच आहे, आणि इतर जिल्ह्यांतही थंडीच्या लाटेत तसं होतं. बारीक रोप किंवा बारकी गोल्टी या थंडीतून न डेंगळता निघते, कारण फुलण्याइतका साठाच तिच्यात नसतो. जाड रोप आणि मोठा कांदा हमखास सापडतो. बियाण्यासाठी कांदा लावणारे शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुद्दाम मोठे, निवडक कांदे लावतात ते याच कारणाने. त्यांना डेंगळे हवे असतात, आपल्याला नको.

गोल्टी

गोल्टी म्हणजे प्रतवारीत मागे राहिलेला बारका कांदा. वैजापूर, लासूर स्टेशनसारख्या कांद्याच्या बाजारांत तिचा ढीग वेगळा असतो आणि भावही वेगळा. इतर ठिकाणी भाजीवाल्याला सांगून ठेवलं की तो मोठ्या मालातून बारके कांदे वेचून देतो.

आकार मोजायला खिशातली नाणी पुरतात. रुपयाचं नाणं २० ते २५ मिलिमीटर रुंदीचं असतं. तेवढी गोल्टी पातीला सर्वोत्तम. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं. त्याहून किंचित मोठी, म्हणजे फार तर ३ सेंटिमीटरपर्यंतची चालते. त्यापुढची स्वयंपाकघरात जाऊ द्या. २ सेंटिमीटरहून बारीक चिंगळीही लागते, पण तिची पात बारीक निघते आणि पहिल्या कापणीनंतर दम उरत नाही. १० ग्रॅमच्या आसपासची गोल्टी धरली तर किलोत शंभरेक नग बसतात.

वयाचं गणित असं. उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो, कांदा साठवायच्या चाळीत पावसाळा काढतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत त्याची सुप्तावस्था (कोंब न फुटण्याचा काळ) संपलेली असते. अशी गोल्टी लावली की आठवड्याभरात हिरवं टोक वर येतं. नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येणारी लाल, म्हणजे खरिपाची नवी गोल्टी दिसायला टवटवीत असते, पण ती नुकतीच काढलेली असल्याने मागे-पुढे उगवते. एकाच वाफ्यात काही पात वीतभर आणि काही अजून मातीत, असं चित्र दिसतं. फिकट लाल रंगाची, दोन-तीन कोरड्या सालींची, मान सुकून बारीक झालेली गोल्टी उन्हाळी समजावी. गर्द लाल, पातळ सालीची आणि मान ओलसर असलेली नवी. निवड करता येत असेल तर उन्हाळीच घ्या. टोकाला हिरवा कोंब दिसत असेल तर भाजीसाठी तो दोष आहे, लागवडीसाठी गुण.

घेताना मुठीत दाबून बघा. मऊ लागली, मुळाच्या बाजूने ओली दिसली किंवा वास आला तर सोडून द्या. सालीवरची काळी बुरशी साल झाडली की निघते, आतला कांदा कडक असेल तर हरकत नाही.

लावण्याआधी सुटी साल झाडून काढायची आणि वरचा पाव भाग धारदार चाकूने उडवायचा. यामुळे कोंब लवकर आणि सारखे बाहेर पडतात. मुळाच्या चकतीला चाकू लावायचा नाही, ती कापली की सगळं संपलं. कापलेली गोल्टी सावलीत तीन-चार तास ठेवून काप सुकू द्यायचा.

वाफा १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब धरू. काळ्या भारी जमिनीत तो आजूबाजूच्या मातीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच हवाच. सपाट वाफ्यात पाणी तुंबतं आणि गोल्टी खालून सडते. या वाफ्याला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १५० ग्रॅम निंबोळी पेंड पुरते. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतं आणि कांद्याचा तिखटपणा गंधकातून येतो, म्हणून स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) डीएपी खतापेक्षा हेच घ्या. कच्चं शेणखत टाकू नका. त्याने मुळं खाणारी हुमणी अळी आणि तण दोन्ही येतात.

ओळीत १० आणि गोल्टीत ८ सेंटिमीटर अंतर ठेवलं की या वाफ्यात ३७५ नग बसतात, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास माल लागतो. गोल्टी मातीत पूर्ण गाडायची नाही. दोन तृतीयांश आत, वरचा काप उघडा. सडण्याच्या बहुतेक तक्रारी खोल लावण्यातून येतात. भाजीच्या क्रेटमध्ये किंवा रिकाम्या खताच्या गोणीत लावायचं असेल तर १५ सेंटिमीटर मातीचा थर पुरे, कारण कांद्याची मुळं वरच्या थरातच पसरतात. तिथे निम्मी काळी माती, निम्मं कंपोस्ट आणि जमलं तर थोडी वाळू घ्यावी.

पाण्याचा अंदाज: या दिवसांत एका चौरस मीटरला दिवसाकाठी ३ ते ४ लिटर. भारी जमिनीत तेच चार-पाच दिवसांचं एकदम द्या, क्रेटमध्ये एक दिवसाआड. सकाळी द्या. संध्याकाळी पात भिजवून ठेवली आणि पहाटे धुई पडली की करपा रोगाला आमंत्रण.

पहिली कापणी २८ ते ३० दिवसांनी, पात २५-३० सेंटिमीटर झाल्यावर. कापताना मानेच्या वर ३ सेंटिमीटर सोडा. नव्या पानाचा डोळा आत असतो, अगदी बुडातून कापलं तर तो जातो. कापल्या दिवशी पाणी देऊ नका. दुसऱ्या दिवशी १० लिटर पाण्यात २० ग्रॅम युरिया विरघळवून पूर्ण वाफ्याला द्या, किंवा शेणकाला गाळून द्या. पुढची कापणी २० ते २५ दिवसांनी. तिसरी मिळते पण बारीक. तिची वाट बघण्यापेक्षा दुसऱ्या कापणीनंतर आठ-दहा दिवसांनी कांद्यासकट उपटून झुणक्यात टाकावं, चव तेव्हा उत्तम असते.

गोल्टीची उणी बाजूही आहे. एका गोल्टीतून दोन-तीन कोंब येतात, बुडाशी जुन्या कांद्याची साल चिकटलेली असते आणि पांढरी दांडी आखूड राहते. घरी याने काही बिघडत नाही. बाजारात मात्र ही जुडी बियाण्याच्या पातीशेजारी मागे पडते. शिवाय जानेवारीत काही झाडं डेंगळणारच. डेंगळा कळी बंद असताना मोडून घ्या, त्याची भाजी चांगली होते. फूल उमललं की दांडा लाकडासारखा होतो आणि त्या झाडाची पातही राठ लागते.

घरासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण डेंगळ्यांमुळे कमी केला.

बी

विकायची पात बियाण्यापासूनच करावी. सरळ, एकेरी, लांब पांढऱ्या दांडीची पात दुसऱ्या कशातून मिळत नाही. पण इथे वयाचा प्रश्न गोल्टीपेक्षाही कडक आहे. कांद्याचं बी भाजीपाल्याच्या सगळ्यांत अल्पायुषी बियाण्यांपैकी आहे. साध्या हवेत वर्षभरात त्याची उगवण झपाट्याने घसरते. बी तयार होतं एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे ऑक्टोबरात घेतलेलं ताजं बी पाच-सहा महिन्यांचं असतं, आणि मागच्या हंगामातलं उरलेलं पाकीट दीड वर्षाचं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असू शकतात.

म्हणून पाकीट उलटं करून वाचा. लॉट नंबर, उगवण तपासणीची तारीख, वैधतेची तारीख आणि उगवणीचा टक्का या चार गोष्टी छापलेल्या असायला हव्यात. कांद्याच्या बियाण्याला उगवणीचं किमान प्रमाण ७० टक्के आणि शुद्धता ९८ टक्के आहे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा. तपासणीची तारीख याच वर्षाच्या उन्हाळ्यानंतरची हवी. सुटं बी तोलून देणाऱ्याकडून घेऊ नका. शेजारच्या शेतकऱ्याने घरी धरलेलं याच मे महिन्यातलं बी मात्र डोळे झाकून घ्यावं, पुष्कळदा ते पाकिटापेक्षा चांगलं उगवतं. बिल लॉट नंबरसह मागा. उगवलं नाही तर तक्रार करायला हातात तेवढाच कागद असतो.

पेरण्याआधी घरी चाचणी करा. ५० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून घरात ठेवा, फडकं सुकू देऊ नका. सहाव्या दिवशी मोजा, बाराव्या दिवशी पुन्हा. ३५ किंवा जास्त मोड आले तर ठीक. २५ आले तर पेरणी दीडपट दाट करा. १५-२० वर अडकलं तर ते बी परत करा. सहाव्या दिवसापर्यंत थोडे आणि मग एकेक करून उशिरा मोड येणं हीसुद्धा जुन्या बियाण्याची खूण. अशी रोपं उगवतात पण मागे राहतात.

वाणाबद्दल. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती आणि भीमा किरण, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एन-२-४-१, नाशिककडच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचा ॲग्रीफाउंड लाईट रेड, आणि फुरसुंगी हे रब्बीचे वाण पातीला चालतात. पांढरीशुभ्र दांडी हवी असेल तर भीमा श्वेता. लाल वाणांच्या दांडीला बुडाशी गुलाबी झाक येते, ती आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला चालते. हॉटेलवाले पांढरी मागतात. बसवंत ७८० आणि ॲग्रीफाउंड डार्क रेड हे खरिपाचे वाण. दुकानदाराकडे तेवढेच उरलेले असतात म्हणून ते हिवाळ्यासाठी पुढे केले जातात. घेऊ नका; थंडीत त्यांच्यात डेंगळे आणि जोडकांदे जास्त येतात.

पातीसाठी रोप करून पुनर्लागण करायची गरज नाही, थेट ओळीत पेरावं. एका ग्रॅममध्ये अडीचशे ते तीनशे बिया असतात. १० सेंटिमीटरवर ओळी, ओळीत अडीच सेंटिमीटरला एक झाड, हे गाठायला चौरस मीटरला २ ते अडीच ग्रॅम बी लागतं. वर सांगितलेल्या ३ चौरस मीटरच्या वाफ्याला ७ ग्रॅम. खोली १ ते दीड सेंटिमीटर, त्यापेक्षा खाली नाही. काळी माती पाणी दिल्यावर वरून पापडासारखी धरते आणि कांद्याचा दोऱ्याएवढा कोंब ती फोडू शकत नाही, म्हणून ओळ मातीने न झाकता चाळलेल्या कंपोस्टने झाका. पहिले आठ दिवस झारीनेच पाणी.

उगवण तापमानावर आहे. जमीन २५ अंशांच्या आसपास असेल तर चार-पाच दिवस, २० अंशांना पाच-सहा, १५ अंशांना आठवडा, १० अंशांना दोन आठवड्यांच्या जवळ. ऑक्टोबरची पेरणी चटकन वर येते, डिसेंबरच्या शेवटची रेंगाळते आणि तोवर अर्धं बी मुंग्या नेतात किंवा ते कुजून जातं. त्यामुळे दसऱ्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर १५ दिवसांनी एकेक वाफा पेरावा, त्यानंतर बियाण्याची पात थांबवावी. जानेवारीत पेरलेलं बी पातीवर येईपर्यंत गड्डा धरायचे दिवस येतात.

पेरणीपासून काढणी ६५ ते ७५ दिवस. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात भज्जी, आंबील आणि उंडे असतात तेव्हा कोवळ्या पातीला मागणी असते. ती अमावस्या डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येते. तिच्या ७० दिवस आधी बी किंवा ३० दिवस आधी गोल्टी लावली की माल वेळेवर हाती येतो.

बियाण्याच्या वाफ्यात खरं काम खुरपणीचं. कांद्याचं पान उभं आणि अरुंद, ते जमिनीवर सावली धरत नाही, तण मोकळं सुटतं. २० आणि ४० दिवसांनी दोन खुरपण्या चुकवता येत नाहीत, आणि अडीच सेंटिमीटरवरच्या रोपांत खुरपं चालत नाही, हाताने उपटावं लागतं. मजुरी धरून हिशोब केला तर विकायच्या पातीत बियाण्यापेक्षा हाच खर्च मोठा. दुसऱ्या खुरपणीनंतर दांडीला ५-६ सेंटिमीटर भर द्या. भर मातीची दिली तर चिकट काळी माती पानांच्या बेचक्यात शिरते आणि धुताना निघत नाही. कंपोस्ट किंवा कुजलेला भुस्सा वापरला तर दांडी लांब, पांढरी आणि स्वच्छ निघते. जुडीचा भाव यानेच वाढतो.

गुंठ्यावर लावायचं असेल तर हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद, ५० पालाश या हिशोबाने सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट आणि ८०० ग्रॅम पोटॅश होतं. युरियाचे दोन भाग करा: निम्मा पेरताना, निम्मा ३० दिवसांनी. ५० दिवसांनंतर नत्र देऊ नका. पात लुसलुशीत होते खरी, पण दुसऱ्या दिवशी जुडीत माना टाकते आणि फुलकिडे तिच्यावर तुटून पडतात.

रोपाची पेंडी

डिसेंबर-जानेवारीत आठवडी बाजारात कांद्याचं रोप येतं. ते गड्ड्याच्या लागवडीसाठी असतं, पातीला ओळीत १० आणि रोपात साडेसात सेंटिमीटर अंतरावर लावून ४० ते ४५ दिवसांत काढता येतं. चांगलं रोप ४५ ते ५५ दिवसांचं, बुडाशी पेन्सिलीपेक्षा बारीक, मुळं पांढरी. पेंडी उकलून मधलं रोप बघा. बाहेरचं हिरवं आणि मधलं पिवळं, गरम लागत असेल तर ती ढिगात तापलेली आहे. लावण्याआधी शेंड्याचा एक तृतीयांश भाग छाटा, मुळं अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात १५-२० मिनिटं बुडवा.

पूर्ण भावाने रोप घेऊन पात करणं परवडत नाही. पण लागवड आटोपल्यावर शेतकऱ्यांकडे उरलेलं रोप असतं, साठ-पासष्ट दिवसांचं, गड्ड्यासाठी वय होऊन गेलेलं. ते जवळजवळ फुकट मिळतं. त्यातलं बारीक तेवढं निवडून घ्या आणि ३५ दिवसांच्या आत खाऊन किंवा विकून मोकळे व्हा. जाड रोप त्याच मुदतीत डेंगळा काढतं.

रंगीत पाकीट

‘स्प्रिंग ओनियन’ किंवा ‘बंचिंग ओनियन’ असं लिहिलेल्या पाकिटात दोनपैकी एक असतं. एक म्हणजे वेगळ्या जातीचा, कधीच गड्डा न धरणारा कांदा, ज्याचं शास्त्रीय नाव ॲलियम फिस्टुलोसम. दुसरं म्हणजे थंड देशांतल्या नेहमीच्या कांद्याचं बी, ज्याला गड्डा धरायला १४ तास किंवा जास्त लांबीचा दिवस लागतो. मराठवाड्यात वर्षातला सगळ्यांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, म्हणजे तोही इथे सहसा गड्डा धरणार नाही. हेच ते एक ठोस कारण: फेब्रुवारी-मार्चमध्ये आपला कांदा फुगून पात संपते तेव्हा हा पातच देत राहतो. फिस्टुलोसमचे ठोंब बुडाशी फुटवे धरतात आणि ५०-६० दिवसांनंतर कापत राहिलं तर वर्षभरही टिकतात, उन्हाळ्यात ५० टक्क्यांची शेडनेट मात्र हवी.

बाकी बाबतींत आमचा ओढा त्याकडे नाही. पाकिटात बी जेमतेम, ग्रॅमचा हिशोब केला तर नेहमीच्या बियाण्याच्या कितीतरी पट महाग. अनेक पाकिटांवर तपासणीची तारीखच सापडत नाही, आणि नर्सरीच्या काउंटरवर उन्हात टांगलेलं बी किती जिवंत राहिलं असेल याची खात्री नाही. सुरुवातीची वाढ संथ. चव सौम्य, फ्राइड राइसला छान, पण ज्वारीच्या भाकरीसोबत कच्ची खायला किंवा मूगडाळीच्या भाजीत घालायला आपली तिखट पातच हवी. पाचपैकी तीन, तेही ताजी तारीख असेल तरच.

शेंडे का वाळतात

पात लावणाऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि औषध आणायला धावण्याआधी कारण ओळखणं गरजेचं आहे.

जुन्या पानांचे शेंडे सगळीकडे सारखे वाळलेत आणि मातीवर पांढरट थर दिसतोय, तर दोष बोअरच्या खारट पाण्याचा. कांदा क्षार सहन न करणाऱ्या पिकांत मोडतो. इतर भाज्या त्याच पाण्यावर बऱ्या दिसल्या तरी पात जळते. थोडं-थोडं पाणी रोज देण्याने क्षार वरच्या थरात साठतात. दोन-तीन पाळ्यांनंतर एकदा भरपूर पाणी देऊन ते खाली ढकला आणि वाफ्याला निचरा ठेवा. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते पातीसाठी राखा.

पानावर चंदेरी ओरखडे आणि पान पिळवटलेलं, तर फुलकिडे. दोन पानांच्या बेचक्यात बघा, पिवळसर बारीक किडे पळताना दिसतात. थंडी ओसरून हवा कोरडी-ऊबदार झाली की ते वाढतात. पात आपण पानासकट, पुष्कळदा कच्ची खातो, म्हणून तीव्र कीटकनाशक मारून चार दिवसांत जुडी बांधणं कुणाच्याच भल्याचं नाही. ५ टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने, बेचक्यापर्यंत पोहोचेल असा. निळे चिकट सापळे. आणि सकाळी झारीने वरून जोरात पाणी. वाफ्याच्या कडेने महिनाभर आधी मक्याच्या दोन ओळी लावल्या तर वाऱ्याबरोबर येणारे किडे अडतात.

लांबट, खोलगट डाग आणि मध्ये जांभळी छटा, तर जांभळा करपा. ढगाळ हवा आणि धुईनंतर तो येतो. डाग पडलेली पानं तोडून जाळा, वाफ्यात टाकू नका, संध्याकाळचं पाणी बंद करा, आणि पुढच्या वाफ्याची जागा बदला. जिथे मागच्या हंगामात कांदा किंवा लसूण होता तिथे पात घेऊ नका. उगवल्यानंतर रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर, म्हणजे रोपं मरण्याचा रोग. दाट पेरणी आणि जास्त पाणी ही तिची कारणं. पेरण्याआधी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा या प्रमाणात बियाण्याला चोळलं तर बराच फरक पडतो; आपल्या ७ ग्रॅम बियाण्याला चिमूटभर पुरतं. औषध लावलेल्या गुलाबी-लाल बियाण्याला ते चोळू नका, त्या औषधाने ट्रायकोडर्माच मरतं.

काढणीच्या आदल्या संध्याकाळी वाफा हलका ओलवा म्हणजे काळ्या मातीतून दांडी न तुटता निघते. पाणी पातीवर नाही, ओळीत सोडा. पहाटे काढलेली पात सावलीत झटकून, मुळांकडची माती धुऊन, ओल्या सुती फडक्यात गुंडाळली तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस ताजी राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली तर दुसऱ्याच दिवशी चिकट होते. मुळं असलेल्या पांढऱ्या दांडीचा ५ सेंटिमीटरचा तुकडा फेकू नका. जानेवारीपर्यंत तो पुन्हा क्रेटमध्ये खोचला की पंधरा-वीस दिवसांत आणखी एक कापणी देतो.